जमिनीवरचे उड्डाण

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर नावाचे गाव आहे. या गावात एक जुनी दगडी बारव आहे. पुष्कळ बारवांत पायऱ्या सरळ रेषेत खाली उतरतात. वालूरच्या या बारवेत मात्र त्या गोल फिरत, शंखाच्या वेटोळ्याप्रमाणे, खाली पाण्याकडे जातात. गणितात अशा आकाराला सर्पिल म्हणतात.

काही कामानिमित्त वालूरला गेलो असता ही बारव पाहण्याचा योग आला. बरोबर दहावीतला एक विद्यार्थी होता. बारवेच्या काठावर बसल्यावर त्याने हळूच विचारले, “सर, मला वैमानिक व्हायचंय. पण त्याला सिम्युलेटरची परीक्षा असते म्हणे. आमच्या गावात विमान फक्त वर आभाळात दिसतं. शहरातली पोरं कॉम्प्युटरवर विमान चालवतात. मी तयारी कशी करू?”

मी त्याला तेव्हा थोडक्यात उत्तर दिले. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात हाच प्रश्न असेल म्हणून ते उत्तर येथे सविस्तर देत आहे. आणि गंमत अशी, की त्या उत्तराची सुरुवात त्या सर्पिल पायऱ्यांपासूनच होते.

शरीर कसे फसते?

पायऱ्या उतरताना आपण गोल फिरत आहोत हे तुम्हाला कसे कळते? डोळ्यांना भिंत सरकताना दिसते, पायांना दगड लागतो, आणि तिसरे इंद्रिय म्हणजे कान! आपल्या प्रत्येक कानाच्या आतील भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या एकमेकींशी काटकोनात असून त्यांत एक द्रव भरलेला असतो. डोके फिरू लागले, की नलिका फिरते, पण द्रव जडत्वामुळे मागे राहतो. द्रवाच्या या मागे राहण्याने आतील सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला ‘आपण फिरत आहोत’ असा निरोप जातो.

आता एक सोपा प्रयोग करा. पातेल्यात पाणी घेऊन त्यावर थोडा लाकडाचा भुसा टाका. पातेले गोल पाटावर ठेवून पाट सावकाश, एकसारखा फिरवा. सुरुवातीला पातेले फिरते, भुसा जागेवरच राहतो. थोड्या वेळाने पाणीही पातेल्याच्याच वेगाने फिरू लागते. आता पातेल्याच्या दृष्टीने पाणी स्थिर आहे. मग पाट एकदम थांबवा. पातेले थांबते, पण पाणी फिरतच राहते.

कानातही हेच घडते. एकसारख्या वेगाने दहा-वीस सेकंद फिरत राहिलात, की द्रव नलिकेला गाठतो आणि फिरण्याची जाणीव नाहीशी होते. फिरणे थांबले, की उलट दिशेने फिरत असल्याचा भास होतो. म्हणजे कान फिरण्याचा वेग मोजत नाही. फिरण्याच्या वेगात होणारा बदल तेवढा त्याला कळतो, आणि तो बदलही फार सावकाश झाला तर कळत नाही. बारवेत डोळे आणि पाय ही चूक दुरुस्त करतात. ढगात किंवा अमावास्येच्या रात्री समुद्रावर वैमानिकाच्या डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि पायांखाली दगडही नसतो.

यात आणखी एक भर पडते. वळण घेताना विमान एका बाजूला कलते. पंखांवरचे उत्थापक बल पंखांच्या पातळीला काटकोनात असते. विमान θ अंशांनी कलले, की त्या बलाचा एक भाग वजन तोलतो आणि दुसरा भाग विमानाला वर्तुळात ओढतो. दोन्ही समीकरणे मांडून भागाकार केला तर

टॅन θ = वेगाचा वर्ग ÷ (त्रिज्या × गुरुत्व त्वरण)

हे सूत्र मिळते. विमानाचा वेग सेकंदाला १०० मीटर आणि कल ३० अंश असेल तर वळणाची त्रिज्या येते सुमारे १७७० मीटर. पूर्ण वर्तुळाला लागतात साधारण १११ सेकंद. आता महत्त्वाची गोष्ट पाहा. अशा व्यवस्थित वळणात उताऱ्यांवर येणारे एकूण बल नेहमी विमानाच्या तळाशी काटकोनातच असते. हातातल्या कपातला चहा कलंडत नाही, त्याची पातळी कपाच्या काठाला समांतरच राहते. उतारू आसनात थोडे जोराने दाबले जातात एवढेच. ३० अंशांच्या कलाला हे वजन १.१५ पट होते, म्हणजे जेमतेम जाणवेल इतके. थोडक्यात, विमान कललेले असूनही शरीर सांगते, ‘सर्व काही सरळ आहे.’

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी याची परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. केवळ उपकरणे पाहून उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना, बाहेरचे काहीही दिसणार नाही अशी व्यवस्था करून, विमान चालवायला दिले. शेजारी अर्थातच प्रशिक्षक होता. वीसही जणांचा ताबा सुटला. त्याला लागलेला वेळ सरासरी १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटेसुद्धा नाही! त्यांतील १९ जणांचे विमान एकाच प्रकारे खाली निघाले होते: आधी नकळत एका बाजूला कल, मग नाक खाली, मग वेग वाढलेला पाहून नाक वर ओढण्याचा प्रयत्न, आणि त्यामुळे वळण आणखी घट्ट. वालूरच्या पायऱ्यांसारखेच हे सर्पिल, फक्त त्याच्या तळाशी पाणी भरायला कोणी जात नाही. वैमानिक त्याला मृत्यूचे सर्पिल म्हणतात.

एकशे एक सेकंद

ही गोष्ट केवळ नवशिक्यांची असती तर आपण ती येथेच सोडली असती. पण १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईत जे घडले ते तसे नव्हते.

त्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ नावाचे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझ विमानतळावरून दुबईला निघाले. विमानात १९० उतारू आणि २३ कर्मचारी होते. विमान किनारा ओलांडून अरबी समुद्रावर आले आणि ठरल्याप्रमाणे त्याने उजवीकडे वळण घेतले. वळण संपल्यावर ते पुन्हा सरळ झाले. परंतु कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज हे उपकरण बिघडले होते. विमान सरळ असताना ते उजवीकडे कललेले दाखवत राहिले. कॅप्टनने तो कल घालवण्यासाठी विमान डावीकडे वळवले. खरा कल वाढत गेला, तरी समोरचे उपकरण तसेच होते. समुद्रावर अंधार होता, खरे क्षितिज दिसत नव्हते, आणि शरीराची साक्ष किती बेभरवशाची असते ते आपण पाहिलेच आहे. विमान डावीकडे १०८ अंशांपर्यंत कलले आणि वांद्र्याच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर समुद्रात कोसळले. उड्डाणापासून कोसळण्यापर्यंत अवघी १०१ सेकंदे गेली होती. २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

कोनाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. वजन तोलणारे बल म्हणजे उत्थापक बल गुणिले कॉस θ. ६० अंशांना कॉसचे मूल्य निम्मे होते, ९० अंशांना शून्य होते आणि १०८ अंशांना ते ऋण होते. विमानाला वर धरणारे पंखच त्याला खाली ढकलू लागतात. पाचशे मीटर उंचीवरून एखादी वस्तू नुसती सोडली तरी ती दहा सेकंदांत खाली येते. विचार करायला एवढाच वेळ.

हे संकट अटळ होते का? नव्हते. सहवैमानिकासमोर वेगळे कृत्रिम क्षितिज असते, आणि मध्यभागी तिसरे राखीव असते. फ्लाइट इंजिनिअरने अखेरच्या क्षणी दुसऱ्या उपकरणाकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केल्याचे ध्वनिमुद्रणावरून दिसते. कॅप्टनचे एक उपकरण बिघडले आणि इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरता आले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. कॅप्टन अतिशय अनुभवी होते. मग उणीव कशाची? त्या विशिष्ट दहा-पंधरा सेकंदांचा सराव खऱ्या विमानात कधीच करता येत नाही, ही खरी अडचण आहे. तीनशे टनांचे विमान रात्री समुद्रावर मुद्दाम कलवून ‘आता सावर’ असे कोणी म्हणू शकत नाही. तो सराव जमिनीवर, सिम्युलेटरमध्ये करावा लागतो.

भात्यावरचे विमान

सिम्युलेटरचा जनक एडविन लिंक याचा जन्म १९०४ चा. अमेरिकेतील बिंगहॅम्टन या गावी त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. ऑर्गन म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीचा थोरला भाऊ. दोन्हींत भात्याने हवा ढकलायची आणि सूर काढायचा. लिंकला विमानाचे वेड होते, पण शिकवणीचे पैसे परवडत नव्हते. त्याने विचार केला, की भाता फुगतो आणि आकसतो; मग चार भात्यांवर एक छोटी लाकडी विमानपेटी बसवली आणि दांड्याच्या हालचालीने भात्यांतली हवा कमी-जास्त केली, तर ती पेटी विमानासारखी कलेल! १९२९ च्या सुमारास असे यंत्र तयारही झाले. पण जत्रेतला खेळ म्हणूनच लोकांनी ते पाहिले.

त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९२९ रोजी, जेम्स डूलिटल या वैमानिकाने बाहेर न पाहता, केवळ उपकरणांच्या मदतीने उड्डाण करून विमान खाली उतरवून दाखवले. जायरोस्कोपवर, म्हणजे वेगाने फिरत असल्यामुळे आपली दिशा न सोडणाऱ्या चाकावर, चालणारे कृत्रिम क्षितिज त्यात होते. उपकरणे आली, पण ती पाहून उडायचे शिकवायचे कसे? १९३४ साली अमेरिकन सैन्याकडे टपाल वाहण्याचे काम आले आणि खराब हवेत एकामागून एक वैमानिक मृत्युमुखी पडू लागले. तेव्हा सैन्याला लिंकची आठवण झाली आणि सहा यंत्रे विकत घेतली गेली. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी वैमानिक या निळ्या पेटीत बसून शिकले. पेटीच्या भात्यातून असे विमानशास्त्राचे सूर निघाले.

सहा पायांचे यंत्र

आजचा सिम्युलेटर म्हणजे खऱ्या विमानाचा पुढचा भाग कापून खोलीत आणून ठेवावा तसा दिसतो. आत तीच आसने, तीच बटणे, तेच दांडे. काचेबाहेरचे दृश्य आरशांच्या योजनेने असे दाखवतात, की धावपट्टी खरोखरच दूरवर आहे असे डोळ्यांना वाटावे. मागे परीक्षक बसतो. एक बटण दाबून तो धुके आणू शकतो, इंजिन बंद पाडू शकतो किंवा एखादे उपकरण बिघडवू शकतो.

यंत्राचा मेंदू म्हणजे संगणक. तो न्यूटनचा दुसरा नियम सोडवत बसतो. बल माहीत झाले, की वस्तुमानाने भागून त्वरण मिळते. त्वरणाला अल्प काळाने गुणले, की वेगातला बदल मिळतो. वेगाला त्याच काळाने गुणले, की स्थानातला बदल मिळतो. एका सेकंदात हे पुनःपुन्हा करायचे. तुम्ही वहीत एकदा सोडवता ते उदाहरण हा संगणक सेकंदाला कित्येक वेळा सोडवतो.

खोलीखाली सहा लांब दट्ट्ये असतात. ते लांब-आखूड होऊन खोलीला पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली सरकवतात आणि तिन्ही अक्षांभोवती फिरवतात. अवकाशात वस्तूला हालचालीच्या सहाच स्वतंत्र रीती असतात, म्हणून दट्ट्येही सहा. ही रचना मुळात १९५४ साली गफ या इंग्रज अभियंत्याने टायर तपासण्यासाठी केली होती. १९६५ मध्ये स्ट्युअर्टने वैमानिकांच्या शिक्षणासाठी अशा प्रकारचे यंत्र सुचवले.

पण एक कोडे उरतेच. विमान धावपट्टीवर अर्धा मिनिट वेग वाढवत धावते. खोली मात्र दोन-तीन मीटरांपेक्षा पुढे सरकू शकत नाही. मग पाठ आसनाला दाबली जात असल्याचा अनुभव कसा द्यायचा? उत्तर असे: दृश्यात क्षितिज सरळ ठेवायचे आणि खोली हळूच मागे कलती करायची. आता तुमच्या वजनाचाच एक भाग तुम्हाला पाठीकडे ओढतो. त्वरण सेकंदाला सेकंदाला २ मीटर हवे असेल, तर साइन θ = २ ÷ ९.८, म्हणजे कल सुमारे १२ अंश. हा कल सेकंदाला दोन-तीन अंशांपेक्षा सावकाश द्यायचा, म्हणजे कानातल्या नलिकांना तो कळत नाही! त्वरण आणि गुरुत्वाकर्षण यांतला फरक बंद खोलीत ओळखता येत नाही, हे आइन्स्टाइनचे प्रसिद्ध तत्त्व येथे असे कामाला लागते.

म्हणजे ज्या फसवणुकीने विमाने पडतात, त्याच फसवणुकीच्या आधारे सिम्युलेटर चालतो. विष थोडे आणि मोजून घेतले की औषध होते म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

परीक्षेत काय पाहतात?

विमान कंपनीत प्रवेश घेताना उमेदवाराची सिम्युलेटरमध्ये चाचणी होते. नव्या प्रकारचे विमान शिकल्यावर पुन्हा होते. आणि नोकरी लागली म्हणून सुटका नाही: वैमानिक कितीही जुना असला तरी दर सहा महिन्यांनी त्याला परीक्षा द्यावी लागते. आम्हा प्राध्यापकांची अशी परीक्षा घेत नाहीत, हे आमचे भाग्य!

पहिली पाहणी असते ती नजरेची. कृत्रिम क्षितिज मध्यभागी धरून नजर वेगाकडे, परत क्षितिजाकडे, उंचीकडे, परत क्षितिजाकडे, दिशेकडे अशी सतत फिरली पाहिजे. एकाच काट्यावर खिळलेली नजर हा मोठा दोष. सर्वसाधारणपणे उंची शंभर फुटांच्या आत, वेग दहा नॉटच्या आत आणि दिशा पाच अंशांच्या आत राखावी अशी अपेक्षा असते.

दुसरी पाहणी इंजिन बंद पडण्याची. धावपट्टीवर एक निर्णयवेग ठरलेला असतो. त्याच्या आत इंजिन बंद पडले तर थांबायचे, त्यापुढे गेल्यावर उडायचेच. कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. सेकंदाला ७५ मीटर वेग आणि ३ मीटर मंदन धरले तर थांबायला ९४० मीटर लागतात, आणि तेवढी धावपट्टी पुढे उरलेली नसते. उडाल्यावर काय होते? बैलगाडीचा एक बैल बसला आणि दुसरा ओढत राहिला तर गाडी बसलेल्या बैलाच्या बाजूला वळते. विमानही बंद इंजिनाच्या बाजूला वळते. समजा, चालू इंजिनाचा रेटा १ लाख न्यूटन आणि मध्यरेषेपासून अंतर ६ मीटर. वळवणारे परिबल ६ लाख न्यूटन-मीटर झाले. शेपटीचे सुकाणू मध्यापासून १५ मीटर मागे असेल, तर त्यावर ४० हजार न्यूटनचे बल निर्माण करावे लागेल. वैमानिक ते चालू इंजिनाच्या बाजूचा पाय दाबून करतो. कोणता पाय, हे त्या क्षणी आठवत बसायचे नसते. पायालाच ते ठाऊक असावे लागते.

तिसरी पाहणी उतरण्याची. धावपट्टीकडे जाणारा मार्ग सामान्यतः ३ अंशांचा असतो. टॅन ३° म्हणजे ०.०५२, अर्थात एक किलोमीटर पुढे जाताना ५२ मीटर खाली. वैमानिकांचा एक तोंडी हिशेब आहे: नॉटमधल्या वेगाला पाचने गुणा, की मिनिटाला किती फूट खाली यायचे ते मिळते. १४० नॉटला ७०० फूट. हा हिशेब कितपत बरोबर आहे ते तुम्ही स्वतः ताडून पाहा. नेमके उत्तर ७४० च्या आसपास येईल. चटकन करायच्या हिशेबाला एवढी चूक चालते.

आणि चौथी पाहणी सर्वांत महत्त्वाची. चूक कधीच होऊ नये अशी परीक्षकाची अपेक्षा नसते. चूक ध्यानात येते का, ती उच्चारून सांगितली जाते का आणि सुधारली जाते का, हे तो पाहतो.

घरच्या घरी तयारी

आता वालूरच्या त्या मित्राचा प्रश्न. संगणक नसेल तर तयारी कशी करायची? खरे वैमानिकसुद्धा परीक्षेच्या आदल्या रात्री जी तयारी करतात तिला लाकडी खुर्ची आणि कागद एवढेच साहित्य लागते. कॉकपिटचे चित्र भिंतीवर चिकटवून ते समोर खुर्ची मांडून बसतात, आणि डोळ्यांपुढे उड्डाण आणून प्रत्येक बटणाकडे हात नेत, प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारत संपूर्ण उड्डाण करतात. तुम्ही एवढे करून पाहा:

१. पुठ्ठ्यावर सहा तबकड्या काढा: वर वेग, कृत्रिम क्षितिज, उंची, खाली वळण, दिशा, चढ-उताराचा दर. मित्राला काटे हलवायला सांगा आणि नजर फिरवत बदल ओळखा. मित्राने एखादा काटा मुद्दाम ‘बिघडवावा’. कोणता खोटा आहे, हे इतर पाचांवरून शोधा. विमान सरळ असेल तर दिशा बदलणार नाही. क्षितिज कललेले दिसते आणि दिशा मात्र स्थिर आहे, तर दोघांपैकी कोणीतरी खोटे बोलत आहे!

२. फिरत्या खुर्चीवर मित्राला बसवा, डोळे बांधा, आणि दोघे जण आजूबाजूला उभे राहून खुर्ची सावकाश, एकसारखी फिरवा. कोणत्या बाजूला फिरतोय हे त्याने बोटाने दाखवावे. काही वेळाने बोट थांबेल. खुर्ची थांबवली की ते उलट दिशा दाखवील. खेळ मोकळ्या जागेतच करा. बारवेच्या काठावर नको, हे सांगायला नकोच.

३. तोंडी हिशेब करा. चालताना, बसमध्ये, दळण आणायला जाताना. आणि हिशेब करता करता कोणाशी तरी बोलत राहा. कारण कॉकपिटमध्ये गणित कधी शांततेत करायला मिळत नाही.

पुढची वाट थोडक्यात सांगतो. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घ्यावे. वैद्यकीय तपासणी आधी करून घ्यावी. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. ते शिकवणाऱ्या संस्था महाराष्ट्रातही आहेत, उदाहरणार्थ गोंदिया आणि बारामती येथे. खर्च मोठा असतो हे लपवण्यात अर्थ नाही. पण वर सांगितलेली तयारी फुकट आहे, आणि ती आजपासून करता येते.

फळ्यावरचे ऋण चिन्ह

शेवटी एक गोष्ट माझी स्वतःची. एकदा वर्गात एक गणित सोडवताना मी एका पायरीवर ऋण चिन्ह विसरलो. पुढे सगळे उत्तर उलटे आले. साठ विद्यार्थ्यांनी ते मुकाट्याने उतरवून घेतले. तास संपल्यावर एक मुलगी टेबलाशी आली आणि म्हणाली, “सर, मला तेव्हाच दिसलं होतं. पण तुम्हाला कसं सांगायचं?”

मी तिला शाबासकी दिली, पण मनातून चरकलो. कारण मला १९९९ सालचा दुसरा एक अपघात आठवला. त्या वर्षी २२ डिसेंबरला लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळावरून कोरियन एअरचे मालवाहू बोइंग ७४७ रात्री उडाले. कॅप्टनचे कृत्रिम क्षितिज कल दाखवत नव्हते. धोक्याचा इशारा देणारी घंटी वाजत होती, फ्लाइट इंजिनिअर कलाबद्दल सांगत होता, पण शेजारी बसलेला तरुण सहवैमानिक काहीच बोलला नाही. त्याच्या समोरचे उपकरण चांगले होते. मिनिटभराच्या आत विमान पडले आणि चौघेही गेले. मुंबईच्या अपघातानंतर बावीस वर्षांनी जवळजवळ तीच घटना पुन्हा घडली.

मुंबईच्या अपघातानंतरच्याच वर्षी, १९७९ मध्ये, अमेरिकेतील नासा या संस्थेने भरवलेल्या चर्चासत्रात यावर विचार सुरू झाला होता. यंत्रे सुधारली तरी माणसे एकमेकांशी बोलली नाहीत तर उपयोग नाही, असे ध्यानात आले. म्हणून आज सिम्युलेटरच्या परीक्षेत सहवैमानिकाचे बोलणेही तपासले जाते. ‘कल जास्त झाला आहे’ असे त्याने स्पष्ट सांगायचे. सुधारणा झाली नाही तर पुन्हा सांगायचे. तरीही झाली नाही तर ‘ताबा माझ्याकडे’ म्हणून विमान हातात घ्यायचे. कॅप्टन वयाने, मानाने कितीही मोठे असोत.

आपल्याकडे मोठ्यांची चूक दाखवणे हा उद्धटपणा समजतात. पण निसर्गाचे नियम मानपान ओळखत नाहीत. १०८ अंशांचे कॉस ऋण आहे, ते कोणाकडे पाहून धन होत नाही. म्हणून शिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे, की वर्गात अधूनमधून एखादी चूक मुद्दाम करा आणि ती कोण पकडतो ते पाहा. पकडणाऱ्याला उभे करून शाबासकी द्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, चूक दिसली तर हात वर करा. बोलणे नम्र असावे, पण ते त्याच क्षणी असावे. तास संपल्यावर नको.

वालूरच्या त्या मुलाला मी एवढेच म्हणालो, “तुझ्या गावात विमान नाही, पण सिम्युलेटरच्या परीक्षेत जे खरोखर तपासतात ते तुझ्या वर्गात रोज तपासता येतं.” तो थोडा वेळ बारवेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, मघाशी तुम्ही पायऱ्या मोजल्या ना, त्यात एक चुकली.”

मी पुन्हा खाली उतरून मोजल्या. त्याचे बरोबर होते.